भोवऱ्याच्या पोटातलं शून्य

विरारहून सुटलेली लोकल साठ किलोमीटर कापून चर्चगेटला पोचते. तिथून बसने कुलाब्याच्या टोकाला गेलं, की नेव्ही नगरात समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. १९४५ साली होमी भाभांनी सुरू केलेली ही संस्था सगळ्यांना टीआयएफआर म्हणूनच ठाऊक. वसई-विरारहून रोज सकाळी दक्षिणेकडे धावणाऱ्या गर्दीत फार थोड्यांना कल्पना असेल, की या वाटेच्या शेवटी काही माणसं भोवरे मोजतात. हे भोवरे चुंबकीय असतात. एका चकचकीत स्फटिकाच्या पृष्ठभागावर, एकमेकांपासून काही दशक नॅनोमीटरवर, षट्कोनी रांगा धरून ते बसलेले असतात. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या एका गटाने बिस्मथ या जड धातूचा असा एक गुण शोधून काढला, जो असेल यावर आधी कुणाचा फारसा भरवसा नव्हता.

भोवरे आणि बिस्मथ ही वरवर दोन वेगळी प्रकरणं आहेत. पण बिस्मथच्या एका संयुगाचा पातळ पापुद्रा अशा भोवऱ्यांवर पसरला, तर भोवऱ्याच्या नेमक्या मध्यावर इलेक्ट्रॉनची एक अशी अवस्था तयार व्हायला हवी, जिची ऊर्जा बरोबर शून्य आहे. तिथे अर्धाच इलेक्ट्रॉन असतो असं म्हटलं, तरी गणित चुकत नाही. हे कसं होतं ते पाहायचं, तर आधी बिस्मथकडे जायला हवं.

बिस्मथ आपल्या ओळखीचा नाही असं वाटतं, पण तो आसपासच असतो. वसई पूर्वेला वालीव-गोखिवऱ्याच्या एखाद्या गाळ्यात टेबलावर ठेवायचा छोटा वॉटर डिस्पेन्सर असेल आणि त्यात कॉम्प्रेसरची घरघर नसेल, तर पाणी बहुधा पेल्टियर चकतीने गार होत असतं. वीज सोडली की या चकतीची एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. तिच्या आतले बारीक ठोकळे बिस्मथ टेल्युराइडचे असतात. गेली कित्येक दशकं कारखान्यांत तयार होणारा हा पदार्थ २००९ साली अचानक भौतिकशास्त्राच्या पहिल्या पानावर आला. आतून वीज अडवणारे पण पृष्ठभागावर वाहू देणारे जे पदार्थ आज टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणून ओळखले जातात, त्यांपैकीच तो एक निघाला. त्याचा सख्खा भाऊ बिस्मथ सेलेनाइड तर या घराण्यातला सगळ्यात साधा आणि सरळ सदस्य ठरला.

बिस्मथ सेलेनाइड जवळून पाहण्यासारखा आहे. शुद्ध बिस्मथ आणि सेलेनियम ठरावीक प्रमाणात क्वार्ट्झच्या नळीत बंद करायचं, वितळवायचं आणि दिवसचे दिवस सावकाश थंड होऊ द्यायचं. नळी फोडल्यावर आत करड्या रुपेरी रंगाचा, आरशासारख्या पृष्ठाचा स्फटिक मिळतो. त्यावर साधी चिकटपट्टी दाबून ओढली, की पापुद्रा निघून येतो. अणूंचे पाच थर मिळून एक पापुद्रा होतो: सेलेनियम, बिस्मथ, सेलेनियम, बिस्मथ, सेलेनियम. त्याची जाडी सुमारे एक नॅनोमीटर. पाच थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन पापुद्र्यांमधली पकड ढिली असते.

या स्फटिकाचं अंतरंग, पुरेसं शुद्ध असेल तर, वीज वाहू देत नाही. इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या पातळ्या आणि रिकाम्या पातळ्या यांच्यामध्ये सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टची दरी असते. पृष्ठभागावर मात्र वीज वाहते. पापुद्रा काढून टाकला, तर खालचा नवा पृष्ठभाग तितकाच वाहक निघतो. स्फटिकाचे दोन तुकडे केले, तर जे अंग क्षणापूर्वी आत होतं आणि वीज अडवत होतं, ते उघडं पडताच वाहू लागतं. तांब्याचा मुलामा दिलेल्या लाकडाच्या बाबतीत असं कधी होणार नाही. इथे मुलामा कुठे नाहीच. स्फटिकाला कड आहे, एवढ्याच कारणाने तिथे वीज वाहते.

याचं मूळ बिस्मथच्या वजनात आहे. त्याचा अणुक्रमांक ८३. इतक्या जड अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉनचा वेग एवढा वाढतो, की आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा हिशेब धरावाच लागतो. त्या हिशेबात इलेक्ट्रॉनची स्पिन, म्हणजे त्याच्या अंगचं चिमुकलं चुंबकत्व, त्याच्या गतीशी बांधली जाते. बिस्मथ सेलेनाइडमध्ये हे बंधन इतकं बळकट असतं, की ऊर्जेच्या पातळ्यांचा क्रमच उलटतो: जी वर असायची ती खाली जाते, खालची वर येते. स्फटिकाबाहेर, हवेत किंवा निर्वातात, क्रम सरळच असतो. आतला उलटा क्रम बाहेर सरळ व्हायचा, तर कुठेतरी दोन्ही पातळ्या एकमेकींना ओलांडणार, आणि ओलांडताना मधली दरी मिटणार. ती जागा म्हणजे पृष्ठभाग.

इथे मोजणी येते. क्रम उलटला आहे की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असू शकतं. 'थोडासा उलटला' असं काही नसतं. म्हणून स्फटिकात थोडी अशुद्धी असली, पृष्ठभाग जरा खडबडीत असला, तरी हे वाहकपण घासून निघत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चार्ल्स केन आणि युजीन मेले यांनी २००५ साली ही मोजणी कागदावर मांडली. २००७ साली जर्मनीत वुर्झबर्गला लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या गटाने पारा-टेल्युरियमच्या पातळ थरात तिचा पडताळा घेतला. पुढच्याच वर्षी प्रिन्स्टनच्या झाहिद हसन यांच्या गटाने बिस्मथ आणि अँटिमनीच्या मिश्रणात ती त्रिमितीत दाखवली, आणि २००९ साली सेलेनाइड व टेल्युराइड आले.

पृष्ठभागावरच्या या इलेक्ट्रॉनांची एक शिस्त आहे. ज्या दिशेला जायचं, तिच्याशी काटकोन करूनच स्पिन धरायची. पूर्वेकडे जाणाऱ्याची स्पिन उत्तरेला असेल, तर पश्चिमेकडे जाणाऱ्याची दक्षिणेलाच असणार. त्यामुळे वाटेत एखादी अशुद्धी आडवी आली, तरी इलेक्ट्रॉन सरळ मागे फिरू शकत नाही. विरारला आलेली लोकल पाहा. ती वळत नाही. परत चर्चगेटला निघायचं, तर गाडी चालवायचं टोक बदलावं लागतं. मोटरमन या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाच्या केबिनमध्ये जातो. मधल्या स्टेशनांच्या दरम्यान रुळावर काही आडवं आलं, तर गाडी खोळंबेल, पण तेवढ्याने टोक बदलून उलटी धावू लागणार नाही. इलेक्ट्रॉनला मागे फिरायला त्याची स्पिन पूर्ण उलटी करणारं कुणीतरी लागतं. साध्या अशुद्धीच्या अंगात ते बळ नाही. ते आहे चुंबकात.

ही शिस्त आणखी एक गंमत करून ठेवते. समजा, असा इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर एक वर्तुळ फिरून मूळ जागी आला. त्याची दिशा पूर्ण ३६० अंशांत फिरली, म्हणजे तिला जखडलेली स्पिनही ३६० अंशांत फिरली. आपल्या जगात ३६० अंश म्हणजे जसंच्या तसं. स्पिनच्या जगात तसं नाही. एका फेरीनंतर तिच्या लहरीचं चिन्ह उणे होतं, आणि मूळ स्थिती यायला दोन फेऱ्या लागतात. ही नुसती कागदावरची करामत नाही. १९७५ साली न्यूट्रॉनांच्या झोताचे दोन भाग करून, एकाची स्पिन पूर्ण फिरवून, दोन्ही पुन्हा एकत्र आणून हे उणे चिन्ह प्रत्यक्ष पाहिलं गेलं. त्या उणे चिन्हाचं काम पुढे पडणार आहे.

आता भोवरे. काही पदार्थ पुरेसे थंड केले, की ते अतिवाहक होतात: वीज कुठल्याही रोधाशिवाय वाहते, आणि चुंबकीय क्षेत्र अंगाबाहेर ढकललं जातं. पण क्षेत्र जोर लावत गेलं, तर एका प्रकारचे अतिवाहक तडजोड करतात. ते क्षेत्राला आत घेतात, पण बारीक नळ्यांच्या रूपात. प्रत्येक नळीभोवती विद्युतप्रवाह गोल गोल फिरत राहतो आणि नळीच्या गाभ्यात अतिवाहकता मरते. हे अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली मांडलं. नोबेल मिळायला २००३ साल उजाडलं. इथेही मोजणी आहे. भोवऱ्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स ठरलेला असतो: २.०७ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात वेबर. पावणेदोन किंवा सव्वा अशा मापांचा भोवरा नसतो. क्षेत्र वाढवलं, की भोवऱ्यांची संख्या वाढते. एक टेस्लाच्या क्षेत्रात शेजारच्या दोन भोवऱ्यांमध्ये सुमारे ४९ नॅनोमीटर अंतर उरतं.

हे भोवरे दिसतात कसे? त्यासाठी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप लागतो. एक धातूची सुई, तिचं टोक जवळजवळ एकाच अणूचं, पृष्ठभागापासून नॅनोमीटरहूनही कमी उंचीवर धरायची, आणि इलेक्ट्रॉन ही दरी किती सहज ओलांडतात ते जागोजागी मोजायचं. अतिवाहक भागात कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना जागाच नसते. भोवऱ्याच्या गाभ्यात ती असते. तेवढ्या फरकाने भोवरा नकाशावर उठून दिसतो. १९८९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये हॅरल्ड हेस आणि सहकाऱ्यांनी निओबियम डायसेलेनाइडच्या स्फटिकावर असा नकाशा पहिल्यांदा काढला.

टीआयएफआरमध्ये प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने असा मायक्रोस्कोप स्वतः उभा केला. तो ३५० मिलिकेल्विन तापमानाला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा केल्विन वर, नऊ टेस्लापर्यंतच्या क्षेत्रात चालतो. त्याखाली त्यांनी ठेवला तोच निओबियम डायसेलेनाइड, किंचित कोबाल्ट मिसळलेला. नियमित जाळ्यात प्रत्येक भोवऱ्याला सहा शेजारी असतात. क्षेत्र वाढवत नेलं, तेव्हा नकाशात कुठे पाच शेजारी असलेला भोवरा आणि त्याला खेटून सात शेजारी असलेला भोवरा, अशा जोड्या दिसू लागल्या. आणखी वाढवल्यावर त्या जोड्याही फुटल्या आणि पाचवाले, सातवाले सुटे हिंडू लागले. जाळं एका झटक्यात न मोडता दोन टप्प्यांत मोडलं: आधी ठिकाणाची शिस्त गेली, मग दिशेची. २०१५ साली हे काम प्रसिद्ध झालं. भोवऱ्यांची एक एक करून अशी खानेसुमारी करता येते, हेच केवढं नवल आहे!

बिस्मथचं काम याच संस्थेत एस. रामकृष्णन, ए. तमिळवेल आणि सहकाऱ्यांनी केलं. अतिशुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे केल्विनच्या दोन हजाराव्या भागापर्यंत थंड केल्यावर तो अतिवाहक होतो, हे त्यांनी दाखवलं. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. बिस्मथमध्ये वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात, सुमारे लाख अणूंमागे एक, की अतिवाहकतेचा रुळलेला सिद्धांत इथे लागूच पडत नाही. भोवऱ्यांच्या गोष्टीशी या शोधाचा थेट संबंध नाही, पण हा धातू अजून किती काही पोटात ठेवून आहे ते त्यातून कळतं.

आता दोन्ही धागे एकत्र. भोवऱ्याच्या गाभ्यात अडकलेला इलेक्ट्रॉन कुठल्या ऊर्जांवर बसू शकतो, हे १९६४ साली कारोली, द जेन आणि मॅट्रिकॉन या तीन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी काढलं. पायऱ्या समान अंतरावर असतात, पण पहिली पायरी शून्यावर नसते. ती अर्ध्यावर असते: अर्धा, दीड, अडीच. भोवऱ्याभोवती फेरी मारताना लहरीचा हिशेब पुरा बसायला हवा, आणि तो अर्ध्यावरच बसतो. आता हाच भोवरा टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर कल्पा. इथल्या इलेक्ट्रॉनला फेरीमागे ते उणे चिन्ह मिळतं. त्याने हिशेब बरोबर अर्ध्याने सरकतो. पायऱ्या होतात शून्य, एक, दोन. जिथे साध्या अतिवाहकात काहीच नसतं, त्या शून्यावर एक अवस्था येऊन बसते. फू लियांग आणि चार्ल्स केन यांनी हे भाकीत २००८ साली केलं.

अतिवाहकात इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची सरमिसळ होते. ऊर्जा शून्याच्या वर असेल तर अवस्था एक, खाली असेल तर तिची उलटी. बरोबर शून्यावर बसलेली अवस्था स्वतःचीच उलटी असते. असा कण असू शकतो, असं इटलीच्या एत्तोरे मायोराना यांनी १९३७ साली लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी एकतीस वर्षांचा हा माणूस बेपत्ता झाला. त्यांच्या डोक्यात होते विश्वातले मूलभूत कण. भोवऱ्यातली अवस्था तेच गणित पाळते, म्हणून तिला मायोराना अवस्था म्हणतात. अशी एक अवस्था म्हणजे अर्धी नोंद. पूर्ण नोंद व्हायला दोन भोवरे लागतात, मग ते एकमेकांपासून कितीही लांब असोत. इलेक्ट्रॉन आहे की नाही, हे या दोघांना मिळूनच ठाऊक असतं. एकाला वेगळं विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर नसतं. म्हणून क्वांटम संगणकाची माहिती अशा जोडीत ठेवावी, असं बऱ्याच जणांना वाटतं: एका ठिकाणच्या धक्क्याने ती पुसली जाणार नाही.

प्रयोग करायला शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठात जिया जिनफेंग यांच्या गटाने निवडला तोच निओबियम डायसेलेनाइड, ज्यावर हेस यांनी पहिला भोवरा पाहिला आणि ज्याच्यावर कुलाब्यात शेजारी मोजले गेले. त्यावर त्यांनी बिस्मथ टेल्युराइडचे पापुद्रे एकेक करून चढवले. खालच्या अतिवाहकाचा अंश वरच्या पापुद्र्यांत झिरपतो, भोवरेही वर येतात. २०१५ साली त्यांनी कळवलं, की पापुद्रे कमी असताना गाभ्यातला संकेत एक प्रकारचा असतो आणि पाच पापुद्रे झाले की तो पालटतो. तेवढ्या जाडीलाच वरचा पृष्ठभाग खालच्यापासून स्वतंत्र होतो आणि टोपोलॉजिकल गुण पुरा अंगात येतो.

अडचण अशी, की अशा अतिवाहकात पायऱ्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की शून्य आणि अर्धा यांत फरक करणं कठीण. बीजिंगच्या विज्ञान अकादमीतल्या डिंग होंग आणि गाओ होंगजुन यांच्या गटांनी त्यावर वाट काढली. लोह, टेल्युरियम आणि सेलेनियमचं एक संयुग स्वतःच अतिवाहक आहे, त्याचा पृष्ठभागही टोपोलॉजिकल आहे, आणि त्यात पायऱ्या रुंद आहेत. २०१८ साली त्यांना शून्यावरचा संकेत मिळाला. २०१९ साली त्याहून देखणी गोष्ट सापडली. एकाच स्फटिकावर काही भोवऱ्यांत पायऱ्या शून्य, एक, दोन अशा होत्या, आणि काहींत अर्धा, दीड, अडीच. पृष्ठभाग सगळीकडे सारखा नव्हता. जिथे टोपोलॉजिकल गुण टिकला होता तिथे शून्य होतं, जिथे नव्हता तिथे अर्धा. दोन्ही मोजण्या एकाच नकाशावर मिळाल्या.

अतिवाहकाची गरज नसलेला दुसराही भोवरा आहे. टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर चुंबकाचा पातळ थर दिला आणि त्याचं चुंबकत्व उभं असलं, तर पृष्ठभागाचं वाहकपणच बंद पडतं. जिथे चुंबकत्व वरून खाली उलटतं, त्या सीमारेषेवर मात्र वीज वाहते, आणि तीही एकाच दिशेने. २०१७ साली जपानमध्ये योशिनोरी तोकुरा यांच्या गटाने एका चुंबकीय सुईने अशी सीमारेषा स्फटिकावर चक्क आखून दाखवली. ही रेषा छोट्या वर्तुळात मिटवली, की तयार होतो स्कर्मिऑन: मध्यावर एक दिशा, कडेला उलटी, आणि मधे चुंबकत्व हळूहळू कलत जाणारं. नोमुरा आणि नागाओसा यांनी २०१० साली गणिताने दाखवलं, की टोपोलॉजिकल पृष्ठभागावर अशा चुंबकीय नक्षीला विद्युतभार येऊन चिकटतो. म्हणजे चुंबकीय नक्षी विजेच्या दाबाने सरकवता येईल. त्यातही खुबी अशी, की आदर्श पृष्ठभागाच्या हिशेबात चुंबकत्व केंद्राभोवती गोल फिरत असेल, तर इलेक्ट्रॉनला त्यातून कुठलंही क्षेत्र जाणवत नाही. तेच चुंबकत्व केंद्रापासून बाहेर रोखलेलं असेल, तर जाणवतं.

मायोराना अवस्थेचं काय? संकेत दिसले, पण शून्यावरचा संकेत इतर कारणांनीही येऊ शकतो, आणि वाद अजून मिटलेला नाही. खरी परीक्षा पुढची आहे: दोन भोवऱ्यांची जागा अदलाबदल करायची आणि त्यांची सामाईक नोंद ठरल्याप्रमाणे बदलली का ते पाहायचं. ते कुणीही केलेलं नाही. भोवरे सहजी हलत नाहीत. स्फटिकातल्या खोटीला अडकून बसतात. हलवले तर उष्णता निर्माण होते, आणि उष्णतेने नाजूक अवस्था विस्कटते. २०१९ साली टीआयएफआरच्याच गटाने मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ थरात दाखवलं, की भोवऱ्यांचं जाळं द्रव होण्याआधी एका मधल्या अवस्थेतून जातं, जिथे भोवरे सरकतात पण दिशेचं भान ठेवतात. भोवरा कुठे अडकतो, कशाने सुटतो, शेजाऱ्यांना किती ओढून नेतो, अशा प्रश्नांवर वृत्तपत्रांत मथळे येत नाहीत. पण मायोरानांची अदलाबदल ज्या दिवशी करायची असेल, त्या दिवशी सगळ्यात आधी याच प्रश्नांची उत्तरं लागतील, आणि त्यांतली काही कुलाब्यात काढून ठेवलेली आहेत.